पोपचे आशीर्वादपत्र

पोपचे आशीर्वादपत्र हे रोमन कॅथलिक चर्चचे सर्वोच्च धर्मगुरू असलेल्या पोपच्या नावाने, एखाद्या धार्मिक वा कौटुंबिक प्रसंगाच्या निमित्ताने दिले जाणारे लेखी आशीर्वादाचे पत्र होय. चर्चच्या परिभाषेत या आशीर्वादाला 'प्रेषितीय आशीर्वाद' म्हणतात. स्नानसंस्कार, विवाह, गुरुदीक्षा, लग्नाचा सुवर्णमहोत्सव अशा प्रसंगी कॅथलिक व्यक्ती किंवा तिचे आप्त या पत्रासाठी विनंती करतात. हे पत्र देण्याचा अधिकार व्हॅटिकनमधील पोपच्या दानकार्यालयाकडे आहे. पत्रासाठी घेतल्या जाणाऱ्या रकमेतून मिळणारे उत्पन्न गरिबांच्या साहाय्यासाठी खर्च केले जाते. १ जानेवारी २०१५ पासून ही पत्रे दुकानांमार्फत मिळणे बंद झाले असून ती केवळ या कार्यालयाकडूनच मिळतात.

हे पत्र म्हणजे संस्कार नव्हे, विवाहाचा वा स्नानसंस्काराचा दाखला नव्हे आणि पोपने त्या व्यक्तीला दिलेले प्रशस्तिपत्रही नव्हे. तथापि या तिन्ही बाबतींत सर्वसामान्यांचा गोंधळ होत असल्याचे आढळते.

नाव आणि अर्थ

'आशीर्वाद' या संस्कृत शब्दात 'आशिस्' म्हणजे शुभेच्छा आणि 'वाद' म्हणजे बोलणे हे दोन घटक आहेत. लॅटिन भाषेतील 'बेनेदिक्तिओ' या शब्दाची घडणही जवळजवळ अशीच आहे. 'बेने' म्हणजे चांगले आणि 'दिचेरे' म्हणजे बोलणे. दोन्ही शब्दांत उच्चारलेल्या वाणीला महत्त्व आहे. कागदावरचा आशीर्वाद हा या मूळ वाचिक कृतीचा पुढे झालेला विस्तार आहे.

'प्रेषितीय' हे विशेषण येशू ख्रिस्ताच्या प्रेषितांवरून आले आहे. कॅथलिक श्रद्धेनुसार पोप हा प्रेषित पेत्राचा उत्तराधिकारी असल्याने त्याच्या पदाला 'प्रेषितीय आसन' आणि त्याच्या आशीर्वादाला 'प्रेषितीय आशीर्वाद' म्हणतात. पत्राला इटालियन भाषेत 'पेर्गामेना', म्हणजे चर्मपत्र, असे म्हणतात. हा शब्द आशिया मायनरमधील पेर्गामोन या प्राचीन नगराच्या नावावरून आला. आज प्रत्यक्ष कातडे वापरले जात नाही. चर्मपत्रासारखा दिसणारा जाड कागद वापरला जातो. जुने नाव मात्र टिकून आहे.

धर्मशास्त्रीय आधार

आशीर्वाद देण्याची प्रथा ख्रिस्ती धर्माहून जुनी आहे. बायबलच्या जुन्या करारातील गणना या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात अहरोन व त्याच्या पुत्रांनी इस्रायली लोकांना कसा आशीर्वाद द्यावा हे सांगितले आहे. आशीर्वाद मनुष्य उच्चारतो, परंतु देतो तो परमेश्वर, ही कल्पना तेथे स्पष्ट होते. ख्रिस्ती उपासनेने ती पुढे चालविली.

कॅथलिक चर्च सात संस्कार मानते. आशीर्वाद हा त्या सातांपैकी नाही. त्याची गणना 'संस्कारसदृश विधी' या वर्गात होते. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'कॅथलिक चर्चचा धर्मशिक्षणग्रंथ' या अधिकृत ग्रंथात या वर्गाचे विवेचन आहे. त्यानुसार संस्कार ख्रिस्ताने स्थापिले, तर संस्कारसदृश विधी चर्चने स्थापिले आहेत. असे विधी संस्काराप्रमाणे स्वतः कृपा प्रदान करीत नाहीत. चर्चच्या प्रार्थनेच्या बळावर ते मनुष्याला कृपा स्वीकारण्यास सिद्ध करतात. १९८३ च्या चर्चविधिसंहितेत या विधींविषयीचे नियम ११६६ ते ११७२ या कलमांत आहेत. त्यांतील ११७० वे कलम सांगते की, आशीर्वाद प्रामुख्याने कॅथलिकांना द्यावयाचे असले तरी ते धर्मदीक्षार्थींना, आणि चर्चने मनाई केली नसेल तर कॅथलिकेतरांनाही देता येतात. म्हणजे आशीर्वादाची कक्षा विस्तृत आहे. लेखी आशीर्वादपत्राची कक्षा मात्र तुलनेने मर्यादित आहे.

यावरून एक गोष्ट निष्पन्न होते. ज्या विवाहाला पोपचे पत्र लाभले नाही तो विवाह धार्मिक दृष्ट्या कोणत्याही अर्थाने उणा ठरत नाही. पत्र ही भक्तीची व आपलेपणाची खूण आहे, संस्काराचा आवश्यक भाग नव्हे.

इतिहास

दानाधिकाऱ्याचे पद

आशीर्वादपत्राचा इतिहास पोपच्या दानकार्यालयाच्या इतिहासाशी निगडित आहे. या कार्यालयाला इटालियन भाषेत 'एलेमोझिनेरिया आपोस्तोलिका' म्हणतात. पोपच्या वतीने गोरगरिबांना दान देणारा अधिकारी नेमण्याची पद्धत मध्ययुगीन आहे. तिसरा इनोसंट (कारकीर्द ११९८–१२१६) याच्या काळात असे पद अस्तित्वात असल्याचे उल्लेख मिळतात. दहावा ग्रेगरी (१२७१–१२७६) याने या कार्यालयाची व्यवस्था लावून दिली, आणि १४०९ मध्ये पाचवा अलेक्झांडर याने एका फर्मानाद्वारे त्याच्या कामकाजाचे नियम घातले.

तेराव्या लिओचा निर्णय

प्रारंभी या कार्यालयाचे काम दान देण्यापुरते मर्यादित होते. तेरावा लिओ (१८७८–१९०३) याने पोपपदाविषयी लोकांच्या मनात भक्तिभाव वाढावा या हेतूने, आपल्या वतीने लेखी आशीर्वाद देण्याचा अधिकार दानाधिकाऱ्याकडे सोपविला. या निर्णयामुळे दोन गोष्टी एकत्र आल्या. आशीर्वाद मागणाऱ्याला पोपच्या नावाचे पत्र मिळू लागले आणि त्यानिमित्ताने येणारा पैसा दानाच्या कामी लागू लागला. आशीर्वादपत्र आणि दानधर्म यांचा आजचा संबंध या निर्णयातून निर्माण झालेला आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील अनेक पत्रे आजच्या पत्रांहून वेगळी असत. त्यांत पोपला उद्देशून केलेला विनंतिअर्ज छापलेला असे आणि खाली विनंती मान्य झाल्याची नोंद व शिक्का असे. विनंती करणारा पोपच्या चरणी नम्र होऊन स्वतःसाठी व आप्तांसाठी आशीर्वाद, तसेच मृत्युसमयी पूर्ण दंडमाफी मागतो, असा त्यातील मजकुराचा आशय असे. आजच्या पत्रात आशीर्वादाचा भाग प्रमुख असून विनंतिअर्जाचे ते रूप मागे पडले आहे.

दंडमाफी आणि पैसा यांचा जुना वाद

धार्मिक लाभ आणि पैसा यांचा संबंध हा कॅथलिक इतिहासातील नाजूक विषय आहे. बायबलमधील 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथाच्या आठव्या अध्यायात शिमोन नावाचा जादूगार प्रेषितांना पैसे देऊन आध्यात्मिक सामर्थ्य विकत घेऊ पाहतो, अशी कथा आहे. पवित्र गोष्टींच्या खरेदी-विक्रीला त्याच्या नावावरून 'सिमोनी' असे नाव पडले आणि चर्चच्या कायद्याने तो गुन्हा मानला. तरीही सोळाव्या शतकाच्या आरंभी दंडमाफीच्या पत्रांच्या मोबदल्यात देणग्या गोळा केल्या जात होत्या. १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथरने त्याविरुद्ध उठविलेला आवाज हा प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेचा आरंभ मानला जातो. पुढे ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६२ मध्ये अशा देणग्या गोळा करणाऱ्यांचे पदच रद्द केले.

आजच्या आशीर्वादपत्राचे शुल्क आकारताना ते पत्राचे आहे, आशीर्वादाचे नव्हे, असा जो भेद केला जातो त्याला ही पार्श्वभूमी आहे.

२०१५ चा बदल

विसाव्या शतकात आशीर्वादपत्रांची मागणी वाढली, तेव्हा रोममधील सेंट पीटर महामंदिराच्या परिसरातील धार्मिक वस्तूंच्या दुकानांना पत्रांच्या मागण्या स्वीकारण्याची मुभा देण्यात आली. दुकानदार कागद व सुलेखन यांची व्यवस्था करीत. नंतर पत्र दानकार्यालयाकडे सही-शिक्क्यासाठी जाई आणि प्रत्येक पत्रामागे ठराविक रक्कम कार्यालयाला मिळे. गिऱ्हाइकाने दिलेल्या रकमेचा मोठा भाग दुकानाकडे राही.

पोप फ्रान्सिस यांनी ऑगस्ट २०१३ मध्ये पोलंडचे कोनराड क्रायेव्स्की यांची दानाधिकारी म्हणून नेमणूक केली. त्यांच्या कार्यालयाने २०१४ मध्ये दुकानांशी असलेले करार पुढे न चालविण्याचा निर्णय कळविला. त्यानुसार ३१ डिसेंबर २०१४ रोजी ही व्यवस्था संपुष्टात आली. पत्राची संपूर्ण रक्कम गरिबांपर्यंत पोहोचावी हा निर्णयामागील हेतू होता. या धंद्यावर अवलंबून असलेल्या दुकानदारांनी व सुलेखनकारांनी उपजीविका बुडत असल्याची तक्रार केली. पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करणारी काही कुटुंबे त्यांत होती. गरिबांच्या हितासाठी घेतलेल्या निर्णयाने सामान्य कारागिरांचे उत्पन्न गेले, ही त्या निर्णयाची दुसरी बाजू होय.

क्रायेव्स्की यांना २०१८ मध्ये कार्डिनलपद मिळाले. १९ मार्च २०२२ रोजी प्रसृत झालेल्या आणि ५ जून २०२२ पासून अमलात आलेल्या 'प्रेदिकाते एव्हांजेलियुम' या संविधानाने पोपच्या प्रशासनाची पुनर्रचना झाली. तीत दानकार्यालयाला स्वतंत्र विभागाचा दर्जा मिळून त्याला 'दानसेवा विभाग' असे नाव देण्यात आले. प्रमाणित पत्रांद्वारे प्रेषितीय आशीर्वाद देण्याचे काम या विभागाकडे कायम ठेवण्यात आले.

आशीर्वादपत्र मिळण्याचे प्रसंग

दानकार्यालयाने पत्र देण्याचे प्रसंग निश्चित केले आहेत. त्यांचे ढोबळ वर्गीकरण पुढीलप्रमाणे करता येते.

• दीक्षासंस्कार : स्नानसंस्कार, प्रथम ख्रिस्तप्रसाद आणि दृढीकरण.
• विवाह : चर्चच्या विधीनुसार झालेला विवाह.
• समर्पित जीवन : गुरुदीक्षा, कायम उपगुरुपदाची दीक्षा, व्रतस्थांचा व्रतस्वीकार आणि प्रपंचात राहून केलेले समर्पण.
• वर्धापनदिन : विवाह, गुरुदीक्षा किंवा व्रतस्वीकार यांची १०, २५, ४०, ५० आणि ६० वर्षे.
• वाढदिवस : १८, ५०, ६०, ७०, ८०, ९० आणि १०० वा.
• व्यक्ती व कुटुंब : विशिष्ट प्रसंग नसताना, पवित्र मरिया किंवा संत यांच्या मध्यस्थीने दैवी संरक्षण लाभावे यासाठी. कुटुंबाच्या बाबतीत पती-पत्नीचा विवाह चर्चमध्ये झालेला असावा लागतो.

पात्रता

पत्र ज्याच्या नावाने मागितले जाते ती व्यक्ती कॅथलिक असावी लागते. विनंती मात्र तिनेच करावी असे बंधन नाही. आई-वडील, भावंडे, मित्र किंवा धर्मग्रामातील मंडळी विनंती करू शकतात. म्हणूनच हे पत्र पुष्कळदा भेट म्हणून दिले जाते.

वाढदिवस तसेच व्यक्ती वा कुटुंब यांसाठीच्या विनंतीला स्थानिक धर्मगुरूची नाहरकत जोडावी लागते. स्नानसंस्कार किंवा विवाह यांची नोंद धर्मग्रामाच्या दप्तरात असते. व्यक्तीच्या धार्मिक जीवनाविषयी मात्र दूर रोममधील कार्यालयाला काहीच ठाऊक असण्याचे कारण नाही. ते तिच्या धर्मग्रामाचा प्रमुख धर्मगुरूच सांगू शकतो.

केवळ नागरी पद्धतीने झालेला विवाह, किंवा आधीचा धार्मिक विवाह अस्तित्वात असताना झालेला दुसरा विवाह, यांसाठी विवाहाचे आशीर्वादपत्र मिळत नाही. अशा विवाहांतील दांपत्यांना ही गोष्ट क्लेशदायक वाटू शकते. व्हॅटिकनच्या धर्मश्रद्धा विभागाने १८ डिसेंबर २०२३ रोजी 'फिदुचिया सुप्लिकान्स' ही घोषणा प्रसिद्ध केली. तीत अनियमित स्थितीतील तसेच समलिंगी जोडप्यांना धर्मगुरू साधा, उत्स्फूर्त आशीर्वाद देऊ शकतात असे म्हटले आहे. मात्र त्याला विधीचे रूप देऊ नये व विवाहसंस्काराशी गोंधळ होऊ देऊ नये, असेही तीत बजावले आहे. विवाहाचे आशीर्वादपत्र हा या उत्स्फूर्त आशीर्वादाहून निराळा विषय आहे.

विनंती करण्याची पद्धत

पूर्वी विनंती पत्राने किंवा फॅक्सने केली जाई. आता दानकार्यालयाच्या अधिकृत संकेतस्थळावरून ती करता येते. रोममध्ये असणाऱ्यांना प्रत्यक्ष कार्यालयातही जाता येते. हे कार्यालय व्हॅटिकन नगरात, सेंट अ‍ॅन प्रवेशद्वाराच्या बाजूला आहे. विनंतीचे टप्पे सर्वसाधारणपणे असे असतात.

१. प्रसंग निवडणे. प्रसंगानुसार अर्जातील माहिती बदलते.
२. व्यक्तीचे किंवा दांपत्याचे पूर्ण नाव, प्रसंगाची तारीख, चर्चचे व गावाचे नाव ही माहिती भरणे. हाच मजकूर पत्रावर उतरत असल्याने ती अचूक असावी लागते.
३. आवश्यक असल्यास धर्मगुरूची नाहरकत मिळविणे.
४. पत्राचा नमुना व भाषा निवडणे. नमुने सजावटीत व सुलेखनाच्या शैलीत भिन्न असतात. मजकूर इटालियन, इंग्रजी, स्पॅनिश, पोर्तुगीज अशा मोजक्या युरोपीय भाषांत असतो.
५. पत्राचे शुल्क व पाठवणावळ भरणे. शुल्क नमुन्यानुसार आणि पाठवणावळ देशानुसार बदलते.
६. पत्र घरपोच किंवा दिलेल्या पत्त्यावर येण्याची वाट पाहणे.

लेखन, सही-शिक्का आणि आंतरराष्ट्रीय टपाल यांना वेळ लागत असल्याने प्रसंगाच्या बरेच आधी विनंती करणे श्रेयस्कर ठरते. वेळ निघून गेल्यास पत्र नंतरही मागता येते, कारण त्यावर मूळ प्रसंगाची तारीख नमूद करता येते.

पत्राचे स्वरूप

पत्राच्या शिरोभागी साधारणतः पोपचे छायाचित्र आणि पोपपदाची चिन्हे असतात. मधल्या भागात पोप अमुक व्यक्तीला अमुक प्रसंगी प्रेषितीय आशीर्वाद मनःपूर्वक देत आहेत व पवित्र मरियेच्या मध्यस्थीने तिच्यावर ईश्वरी कृपेचा वर्षाव व्हावा अशी प्रार्थना करीत आहेत, अशा आशयाचा मजकूर असतो. नावे व तारखा सुलेखनात लिहिलेल्या असतात. कडेने पानाफुलांची नक्षी, रोममधील महामंदिराचे चित्र किंवा संतांची चित्रे असतात.

पत्रावर पोपची स्वतःची सही नसते. सही दानाधिकाऱ्याची असते, आणि तिच्यासोबत कागदावर दाबून उठविलेला शाईविरहित शिक्का असतो. या दोन गोष्टी पत्र अस्सल असल्याच्या खुणा होत. पोप प्रत्येक विनंती स्वतः वाचतात अशी समजूत असते, परंतु ती बरोबर नाही. पोपने दिलेल्या अधिकारान्वये दानाधिकारी हे काम पाहतो. आशीर्वाद पोपच्या नावाने असल्यामुळे त्या त्या वेळी पदावर असलेल्या पोपचे नाव पत्रावर असते. २१ एप्रिल २०२५ रोजी पोप फ्रान्सिस यांचे निधन झाले आणि ८ मे २०२५ रोजी चौदावे लिओ यांची निवड झाली. जुनी पत्रे अशा बदलानंतरही तितकीच अर्थपूर्ण राहतात.

शुल्क आणि दानकार्य

पत्रासाठी भरलेली रक्कम कागद, लेखन व टपाल यांच्या खर्चासाठी आणि दानासाठी असते. विभागाच्या दानकार्यात रोममधील गरजू कुटुंबांना घरभाडे, वीजबिल व औषधे यांसाठी मदत करणे हे नित्याचे काम आहे. २०१५ मध्ये सेंट पीटर चौकाच्या स्तंभावलीजवळ बेघर लोकांसाठी स्नानगृहे व केशकर्तनाची सोय सुरू झाली. नोव्हेंबर २०१९ मध्ये चौकालगतच्या पालात्सो मिल्योरी या जुन्या वास्तूत बेघरांसाठी निवारा उघडण्यात आला. एखाद्या घरातील लग्नाची भिंतीवरची चौकट आणि रोमच्या रस्त्यावर झोपणाऱ्या माणसाला मिळालेले गरम पाणी यांचा असा दूरचा पण खरा संबंध आहे.

शुल्क परवडत नाही म्हणून कोणी पोपच्या आशीर्वादाला मुकत नाही. पोपचे सार्वजनिक आशीर्वाद विनामूल्य असतात.

पोपच्या आशीर्वादाचे अन्य प्रकार

'नगरास व जगास' आशीर्वाद

लॅटिन भाषेत 'ऊर्बी एत ऑर्बी' म्हणून प्रसिद्ध असलेला हा आशीर्वाद पोप नाताळ व ईस्टर या सणांना आणि निवडीनंतर प्रथम दर्शन देताना देतात. चर्चच्या अटी पाळून तो श्रद्धेने स्वीकारणाऱ्यास पूर्ण दंडमाफी मिळते अशी शिकवण आहे. पापनिवेदन, ख्रिस्तप्रसादाचे ग्रहण, पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना आणि पापाविषयी आसक्ती नसणे या त्या अटी होत. आकाशवाणी व दूरचित्रवाणीवरूनही हा आशीर्वाद स्वीकारता येतो. करोनाच्या साथीत २७ मार्च २०२० रोजी पोप फ्रान्सिस यांनी निर्मनुष्य सेंट पीटर चौकातून तो विशेष प्रसंग म्हणून दिला होता.

बिशपांमार्फत मिळणारा आशीर्वाद

प्रत्येक धर्मप्रांताचा बिशप आपल्या धर्मप्रांतात वर्षातून तीन वेळा, महत्त्वाच्या सणांना, मिस्साच्या अखेरीस दंडमाफीसह पोपचा आशीर्वाद देऊ शकतो.

मृत्युसमयीचा आशीर्वाद

मरणासन्न व्यक्तीला धर्मगुरू जो प्रेषितीय आशीर्वाद देतो, त्यासाठी रोमकडे अर्ज करावा लागत नाही. चौदावा बेनेडिक्ट याने १७४७ मध्ये 'पिया मातेर' या फर्मानाद्वारे त्याचा विधी ठरवून दिला. आज कोणताही धर्मगुरू तो देऊ शकतो. धर्मगुरू वेळेवर पोहोचला नाही तरी, जीवनात प्रार्थनेची सवय असलेल्या व योग्य मनोवृत्तीच्या व्यक्तीला चर्च ती दंडमाफी देते. घरात आशीर्वादपत्र असणे किंवा नसणे याचा येथे काहीही संबंध येत नाही.

नवविवाहितांची भेट

पोपच्या बुधवारच्या सार्वजनिक भेटीत नवविवाहित जोडप्यांसाठी वेगळी जागा असते. त्यासाठी चर्चमधील विवाहाचा दाखला दाखवावा लागतो. प्रवेशपत्रिका विनामूल्य असतात. बारावा पायस याने १९३९ पासून काही वर्षे अशा नवविवाहितांसाठी केलेली प्रवचने प्रसिद्ध आहेत.

संदेश व तारा

संस्थांचे महोत्सव, परिषदा किंवा आपत्ती अशा प्रसंगी पोपच्या वतीने व्हॅटिकनचे राज्यसचिवालय संदेश पाठविते. त्यांच्या शेवटी बहुधा प्रेषितीय आशीर्वाद असतो. ही पत्रे दानकार्यालयाच्या आशीर्वादपत्रांहून वेगळी होत.

भारतातील अर्जदारांसाठी

गोवा, मुंबई, वसई आणि कोकणपट्टीतील कॅथलिकांनाही वर सांगितलेलीच पद्धत लागू आहे. मात्र काही गोष्टी येथील परिस्थितीमुळे विशेष लक्षात ठेवाव्या लागतात.

पहिली बाब नावांची. लोपीस, परेरा, डिमेलो यांसारखी मूळची पोर्तुगीज आडनावे देवनागरीत एका प्रकारे लिहिली जात असली, तरी रोमन लिपीत त्यांची एकाहून अधिक रूपे प्रचलित आहेत. एकाच घरातील दोन भावांच्या कागदपत्रांवर ती निरनिराळी असू शकतात. पत्रावर रोमन लिपी असल्याने धर्मग्रामाच्या नोंदवहीतील रूप प्रमाण धरणे सोयीचे ठरते. चर्चविधिसंहितेच्या ५३५ व्या कलमानुसार प्रत्येक धर्मग्रामात स्नानसंस्कार, विवाह व मृत्यू यांच्या नोंदवह्या ठेवणे बंधनकारक आहे. आजी-आजोबांच्या विवाहाच्या सुवर्णमहोत्सवासाठी नेमकी तारीख व चर्चचे नाव हवे असल्यास याच वहीचा आधार घेता येतो.

दुसरी बाब कायद्याची. आशीर्वादपत्र हा भारतातील कोणत्याही कार्यालयात विवाहाचा किंवा जन्माचा पुरावा ठरत नाही. देशाच्या बहुतेक भागात ख्रिस्ती विवाहांना १८७२ चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा लागू आहे, तर गोव्यात तेथील स्वतंत्र नागरी कायद्यानुसार विवाहाची नोंद होते. विवाहाचा दाखला त्या त्या व्यवस्थेतूनच मिळतो.

तिसरी बाब भाषेची. पत्र मराठीत वा कोकणीत मिळत नसल्याने, ज्या वडीलधाऱ्यांसाठी ते मागविले जाते त्यांना त्यातील मजकूर वाचता येतोच असे नाही. समारंभात पत्र देताना मजकुराचा मराठी आशय मोठ्याने वाचून दाखविल्यास पत्राचा हेतू अधिक सफल होतो.

पोपचा आशीर्वाद भारतातील लोकांना प्रत्यक्षही लाभला आहे. डिसेंबर १९६४ मध्ये सहावे पॉल मुंबईतील आंतरराष्ट्रीय ख्रिस्तप्रसाद परिषदेसाठी आले होते. दुसरे जॉन पॉल यांनी फेब्रुवारी १९८६ च्या भारतभेटीत गोवा, पुणे व मुंबई येथे उपासना केल्या.

गैरसमज आणि सावधगिरी

आशीर्वादपत्राविषयी पुढील गैरसमज आढळतात.

• पत्र म्हणजे पोपची वैयक्तिक ओळख : पत्र असलेली व्यक्ती पोपला परिचित असते असा त्याचा अर्थ होत नाही.
• पत्र म्हणजे मान्यता : एखाद्या व्यक्तीच्या मतांना, व्यवसायाला किंवा संस्थेला पोपची संमती आहे, असे त्यावरून सिद्ध होत नाही. तसा प्रचारासाठी वापर करणे पत्राच्या हेतूशी विसंगत आहे.
• पत्र म्हणजे ताईत : भिंतीवरील पत्राने संकटे टळतात ही समजूत कॅथलिक शिकवणीस धरून नाही. संस्कारसदृश विधींचे फळ माणसाच्या श्रद्धेवर व आचरणावर अवलंबून असते.
• कोणत्याही दुकानातील पत्र अस्सल असते : २०१५ नंतर दुकानदार वा मध्यस्थ यांच्याकडून विकले जाणारे 'पोपचे आशीर्वादपत्र' अधिकृत नसते. भारतातून यात्रेला जाणाऱ्यांनी आणि जादा रक्कम घेऊन पत्र आणून देण्याचे आश्वासन मिळालेल्यांनी हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. सही, दाबशिक्का आणि दानकार्यालयाचे नाव यांची खातरजमा करावी.

मूल्यमापन

आशीर्वादपत्राकडे दोन दृष्टींनी पाहिले जाते. टीकाकारांच्या मते पैसे भरून मागविलेला, छापील नमुन्यातला आशीर्वाद हा भक्तीपेक्षा स्मरणवस्तूकडे झुकतो, आणि दंडमाफीच्या जुन्या वादाची आठवण करून देतो. समर्थकांच्या मते पत्र हे दूरच्या गावातील साध्या कुटुंबाला जागतिक चर्चशी जोडते, शुल्कातून गरिबांना मदत होते, आणि आशीर्वाद स्वतः विनामूल्य असल्याने त्याची विक्री झाली असे म्हणता येत नाही. २०१५ च्या बदलाने मध्यस्थांचा नफा वगळला गेल्यामुळे पहिल्या आक्षेपाची धार काहीशी कमी झाली. पत्राला अवाजवी महत्त्व देऊ नये, याविषयी मात्र दोन्ही पक्षांत दुमत नाही.

हेही पहा

• पोप
• व्हॅटिकन सिटी
• संस्कार (ख्रिस्ती धर्म)
• ट्रेंटची धर्मपरिषद
• पोप तेरावा लिओ
• वसई धर्मप्रांत